आईने सोडलेले बोंबील

माझ्या जिवासाठी आईने बोंबील सोडले होते. हे मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलंय की माझं नाव आणि जन्मतारीख यांच्याच रांगेत ते जाऊन बसलंय. गणितात नापास झाले तेव्हा ऐकलं, वेणी घालताना ओरडले तेव्हा ऐकलं. मला बघायला पाहुणे आले तेव्हा तर चहाचा ट्रे मी खाली ठेवायच्या आत तिने त्यांना सांगून टाकलं, "हिच्यासाठी मी बोंबील सोडलेत हां." पाहुणे किनाऱ्यावरचेच, त्यामुळे त्यांना त्याचं वजन कळलं. मुलाच्या आईने मला पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं, एवढं काय आहे हिच्यात अशा नजरेने.

आमचं गाव मांडवा आणि अलिबागच्या मधलं. गावाच्या खालच्या अंगाला कोळीवाडा, त्यात आमचं घर आणि घरापुढे वाळू. त्या वाळूत बांबू रोवायचे, त्यांना आडव्या दोऱ्या बांधायच्या आणि दोऱ्यांवर बोंबील सुकत घालायचे, हे आईचं काम. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टाकायची. तिचे हात हे करत असत तेव्हा तोंड शेजारणीशी बोलत असे आणि डोळे कुत्र्यांवर असत. हिवाळ्यात आमच्या अंगाला, कपड्यांना, वह्यापुस्तकांना बोंबलाचा वास यायचा, आणि एवढ्या सगळ्या बोंबलांच्या मधोमध उभी असलेली ही बाई बोंबील तोंडात घालायची नाही. बाकीचे मासे खायची. मांदेली खायची, सुरमई खायची, कोलंबी तर आम्हाला उरेल की नाही अशी खायची. फक्त बोंबील नाही.

मी दोन-अडीच वर्षांची असताना मला डांग्या खोकला झाला होता. खोकता खोकता मी निळी पडायचे म्हणे. बाबा तेव्हा समुद्रात होते. आईने मला उचललं, आधी अलिबागच्या डॉक्टरकडे नेलं आणि येताना थेट गावदेवीच्या देवळात. नवस बोलायचा तर आवडीची वस्तू सोडायची, अशी आमच्याकडे रीत. पण माणसं हुशार असतात. कुणी कारलं सोडतं, कुणी दोडका. आमच्या आळीतल्या एकीने साबुदाणा सोडला होता, तो तिला बाधायचाच. त्या दिवशी देवळात आईबरोबर माझी आत्या होती. तिने आईला कोपराने ढोसलं आणि हळूच म्हणाली, "पडवल सोड गो."

"देवी काय येडी हाय?" आई म्हणाली आणि तिने बोंबील सोडले. माझ्या वेळेला तिला डोहाळे बोंबलांचेच लागले होते, हे देवीला काय, सगळ्या कोळीवाड्याला ठाऊक होतं.

मी बरी झाले. इंजेक्शनांनी झाले की बोंबलांनी, यावर कॉलेजात गेल्यावर मी तिच्याशी फार वाद घातले. तिच्या लेखी वादाचं कारणच नव्हतं. डॉक्टरला त्याची फी दिली, देवीला बोंबील दिले, दोघांनी आपापलं काम केलं. खोकला गेला म्हणून नवस संपला असं मात्र नाही. ती बोंबील खात नाही तोवर मला काही होणार नाही, अशी तिची पक्की समजूत होती, आणि त्या समजुतीला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

ती देवभोळी होती असं कुणी म्हटलं तर मला राग येतो. भोळी ती कशातच नव्हती. पहाटे आंघोळ, तुळशीला पाणी, देवापुढे दिवा, मग देवळात झाडू. गावदेवीचं देऊळ झाडायचं काम तिला कुणी दिलेलं नव्हतं, तिने ते घेतलं होतं. झाडता झाडता ती देवीशी मोठ्याने बोलायची, आणि ते बोलणं शेजारणीशी बोलल्यासारखंच असायचं. "बघ, दोन दिस झाले, होड्या रिकाम्या आल्या. तुजं ध्यान कुठं हाय?" अंगारकीला ती बायकांची गाडी ठरवून पालीला बल्लाळेश्वराला न्यायची. रांगेत कुणी मध्ये घुसलं तर गणपती बाजूला राहायचा आणि आधी त्या माणसाची पूजा व्हायची. येताना गाडीत सगळ्यांना शेंगदाण्याचे लाडू, तेही तिनेच रात्री जागून केलेले. कुणाच्या घरी लग्न असो, मयत असो, ही पहिली हजर आणि निघताना शेवटची. घरात बसलेली आई मला आठवतच नाही. बसली तरी हातात लसूण तरी असायचा नाहीतर जाळं तरी.

नोकरीसाठी मी बेलापूरला राहायला गेले, संसार तिकडेच झाला. आई गावात, भाऊ-वहिनीकडे. एकदा दुपारी ऑफिसात तिचा फोन आला. आवाज कापत होता. मला वाटलं भावाच्या होडीला काही झालं. तर झालं होतं असं, की आळीतल्या लग्नघरी तिने वांग्याची भाजी खाल्ली आणि त्या भाजीत चवीला सुके बोंबील कुस्करून टाकलेले होते. एक घास पोटात गेल्यावर तिला कळलं. कोळ्याच्या लग्नातली वांग्याची भाजी, बोंबलाशिवाय कशी असेल? पण बायकांच्या घोळक्यात बोलण्याच्या नादात ती विसरली.

"तू कुठं हायस? घरी जा. रस्ता वलांडू नको. गाडीत बसू नको."

"आई, गाडीत बसल्याशिवाय घरी कशी जाऊ?"

"मग तितंच बस. उठू नको."

मी फोन ठेवला, मैत्रिणींना किस्सा सांगितला, सगळ्या हसलो. आणि मग त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत खुर्चीतून फारशी उठले नाही. जिन्यानेही जपून उतरले. हे मी मैत्रिणींना सांगितलं नाही. आईने तिकडे लग्न टाकून देऊळ गाठलं होतं आणि अंधार पडेपर्यंत देवीसमोर बसून होती. मी घरी पोचल्याचा फोन केल्यावरच ती उठली.

तर अशा या बाईचा तीन-चार वर्षांपूर्वी अंगणात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन करावं लागलं. थिएटरचा दरवाजा बंद झाला तशी मी बाहेरच्या व्हरांड्यात फेऱ्या मारायला लागले. तिथे भिंतीत एक छोटा गणपती होता, प्लास्टिकचा हार घातलेला. मी त्याच्यासमोर कधी थांबले आणि काय बोलले हे माझं मलाच नीट कळलं नाही. बोलून झाल्यावर कळलं. "आई उठू दे. मी बोंबील सोडते."

नवसांवर आयुष्यभर तोंडसुख घेणारी मी. आणि सोडायचं म्हटल्यावर मला पडवळ आठवलं नाही, कारलं आठवलं नाही. आत्या असती तर तिने कोपराने ढोसलं असतं.

ऑपरेशन चांगलं झालं. आई घरी आली, वॉकरचा चौकोन धरून दोन-चार पावलं टाकायलाही लागली, पण जेवेना. भात चिवडायची, पेज दोन घोट घ्यायची, ताट सरकवायची. जी बाई घरभर पुरून उरायची ती खाटेवर चादरीत दिसेनाशी झाली. डॉक्टर म्हणाले, काही पथ्य नाही, तिला जे आवडतं ते खाऊ घाला, अंगात ताकद आली नाही तर ही परत उठायची नाही. तिला काय आवडतं ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

त्यात हंगाम बोंबलांचा. वहिनी ताजे बोंबील साफ करून, वर पाटा ठेवून पाणी काढायची, मसाला लावून तव्यावर टाकायची. आईने आपली खाट स्वयंपाकघराच्या दाराशी सरकवून घेतली होती. बोंबील तळले जात असताना ती डोळे मिटून पडून राहायची. मी शनिवार-रविवार यायचे आणि मला ते बघवायचं नाही. एकदा मी चिडून तिच्या खाटेपाशी जाऊन बसले.

"आई, मी पंचेचाळीस पार केली. आता काय होणार आहे मला? खा तू."

"तुजी पोर अजून कालेजात हाय," ती म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

वाट वहिनीने काढली. तिचं डोकं नेहमीच आमच्या सगळ्यांपेक्षा थंड. ती म्हणाली, नवस देवीला बोललात ना, मग देवीलाच विचारा. कौल लावा. देवीने मोकळीक दिली तर प्रश्नच मिटला. मला वाटलं आई हिला उडवून लावणार, पण ती लगेच म्हणाली, "चला." इतकी लगेच, की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

रविवारी सकाळी भावाने आणि त्याच्या होडीवरच्या दोन खलाशांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून देवळात नेलं. वाटेत ती प्रत्येक दाराशी थांबून विचारपूस करत होती, पालखी निघाल्यासारखं चाललं होतं. गुरवाने देवीला पाणी घातलं, तगरीच्या दोन ओल्या कळ्या देवीच्या दोन खांद्यांना चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आईने आधी पंखा बंद करायला लावला. मग उघड्या खिडकीकडे बोट केलं, तीही लावून घेतली. वाऱ्याने पडलेला कौल तिला नको होता. गुरव हात जोडून मोठ्याने सुरू झाला, "आई गावदेवी, तुझ्या लेकराने बोंबील सोडलेत, त्याची मोकळीक..."

"तू गप र्‍हा," आई म्हणाली. "माजं मी इचारते." आणि तिने मनातल्या मनात विचारलं.

आम्ही उभे. घामाच्या धारा लागल्या. डावी कळी हलली, थोडी घसरली आणि देवीच्या साडीच्या चुणीत अडकून राहिली. डावी पडली असती तर आईने अन्नाला शिवलं नसतं, हे मला चेहऱ्यावरून दिसत होतं, आणि ती आमच्या डोळ्यांदेखत संपली असती. शिकलेली, पगार घेणारी मी एका कळीकडे बघत दात आवळून उभी होते. मग काही हलल्याचं दिसायच्या आत उजवी कळी टपकन खाली पडली. गुरव ओरडला, भाऊ ओरडला, मी तर वहिनीच्या गळ्यातच पडले. आईने फक्त हात जोडले आणि कपाळ पुसलं.

घरी आल्या आल्या वहिनीने तवा ठेवला. आईला उशा लावून बसवलं, ताट पुढे केलं, ताटात गरम बोंबील. तिने ताटाकडे पाहिलं आणि म्हणाली, "मी ह्ये इचारलंच न्हाय."

भाऊ म्हणाला, "म्हणजे? काय विचारलंस?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "मी इचारलं, मी गेल्यावर ह्या पोरीनं माजा नवस पुढं वडायचा काय. न्हाय वडायचा असंल तर उजवा दे."

मी म्हणाले, "मी कशाला ओढतेय?"

"दवाखान्यातून आल्यापासून तू बोंबील खात न्हायस. येतेस आनि आपल्या पानातला भावाला देतेस. माजा पाय मोडलाय, डोले न्हाय मोडले." मग तिचा आवाज खाली आला. "मी सोडले ते सोडले. माजी हौस होती. मी खाटेवर पडून रोज तेच बघत व्हते, आता ही पन सोडनार. मग हिची पोरगी सोडनार. मी पोरीला वाचवली ती काय यासाठी?"

म्हणजे ती जेवत नव्हती ती बोंबलांच्या आठवणीने नव्हे. वास घेत डोळे मिटून पडायची तेव्हा तिच्या डोक्यात मी होते. मला रडू कोसळलं आणि रागही आला. एवढं सगळं मनात ठेवून ही बाई भिंतीकडे तोंड करून पडून होती, सरळ विचारायला काय झालं होतं?

"मग आता देवीने सांगितलंय ना," मी नाक पुसत म्हणाले. "संपला नवस. खा."

"मी गेल्यावरचं सांगितलंय. मी अजून हाय. तू आदी खा."

"मी कशी आधी खाऊ? मी खाल्ला आणि तुला काही झालं तर?"

"आनि मी खाल्ला नि तुना काय झालं तर?"

माझा जीव तिच्या घासात अडकलेला, तिचा माझ्या. भाऊ बाहेर निघून गेला, त्याला हे बघवेना. शेवटी वहिनीने दुसरं ताट आणलं, आम्हा दोघींपुढे एकेक बोंबील ठेवला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"दोघी एकदम घास घ्या. कुनी आदी खाल्ला ते देवीला कलायलाच नको. आनि लवकर घ्या, गार झालेला बोंबील खान्यापरीस सोडलेलाच बरा."

आई हसली. ऑपरेशननंतर पहिल्यांदा हसली. आम्ही दोघींनी तुकडा मोडला, एकमेकींवर नजर ठेवून उचलला आणि एकाच वेळी तोंडात घातला. चोरी पकडायला बसल्यासारख्या आम्ही एकमेकींना चावताना बघत होतो. तिने गिळल्यावर मी गिळलं. तिने माझं मनगट पकडलं आणि धरून बसली. बाहेर कुणाची तरी होडी लागत होती, माणसं ओरडत होती, कोंबड्या फिरत होत्या. काही झालं नाही. मला काही झालं नाही, तिला काही झालं नाही. मग तिचे डोळे भरून आले आणि ती म्हणाली, "अगो, कवढा बरा लागतो हा."

तिने त्या दिवशी तीन खाल्ले. मी त्याहून जास्त. छातीवर इतकी वर्षं काहीतरी होतं, हे ते उतरल्यावर मला कळलं. लहानपणापासून बोंबील खाताना मी आईकडे पाठ करून बसायचे. ती सवय होती असं मला वाटायचं.

त्यानंतर ती महिन्याभरात काठी घेऊन अंगणात यायला लागली आणि आणखी थोड्या दिवसांनी देवळात. पुढची दोन वर्षं तिने बोंबलांवर जो सूड उगवला तो बघण्यासारखा होता. तळलेले, कालवणातले, सुक्याची चटणी, भाकरीवर भाजून. शनिवारी खायचे नाहीत म्हणून शुक्रवारी जास्त खायची. मला फोन करून काय खाल्लं ते सांगायची आणि मी कुठे आहे, रस्ता ओलांडतेय का, हे विचारायचं तिने बंद केलं. सुरुवातीला मला चुकल्या-चुकल्यासारखं वाटलं. मग बरं वाटायला लागलं. भांडणात मात्र तिची पंचाईत झाली, कारण मला गप्प करायला तिच्याकडे आता काहीच उरलं नव्हतं. "एवढी वर्षं सोडले व्हते," असं ती म्हणून बघायची, पण त्यात जुना जोर नव्हता.

गेल्या वर्षी, हंगामाच्या तोंडावर, ती थकली. आजार असा नाही. दिवा विझायला येतो तशी हळूहळू कमी होत गेली. माझी मुलगी आजीची लाडकी, ती कॉलेजला सुट्टी घेऊन मांडव्याच्या बोटीने आली. खाटेशी बसली आणि तिने कानात विचारलं, "आजी, मी तुझ्यासाठी आईस्क्रीम सोडू?" मी दारात होते.

आईने तिच्या गालावर चापटी मारली, जोर नव्हता तरी मारली. "खा गो बाय. सगलं खा. आमच्या घरचं सोडून झालंय."

डॉक्टर येऊन गेले, मान हलवून गेले. मी देवळात गेले. पाय सवयीनेच वळले. गाभाऱ्यात कुणी नव्हतं, कोपऱ्यात तिचा झाडू होता. मी हात जोडले आणि मनात नेहमीची जुळवाजुळव सुरू झाली, काय मागायचं, बदल्यात काय द्यायचं. मग मी थांबले. मागायचं काहीच नव्हतं. ती भरल्या पोटाने, निवांत मनाने निघाली होती, आणि तिला अडवून धरायचं माझ्या मनात नव्हतं. एवढं मोकळं मला त्या देवळात कधी वाटलं नव्हतं. आता निघायचं म्हणून वळले, आणि पुन्हा मागे फिरून देवीला तेवढं सांगितलं.

"आमची आई येतेय. तिला बोंबील फार आवडतात."